मावशीच्या नावावरचं इंटरनेट

मावशीचे दोन्ही हात शिलाई मशीनवरच्या कापडात गुंतलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून गाण्यांच्या कंपनीचे वकील बोलत होते. तिच्या नावावरच्या इंटरनेटवरून चोरीची गाणी शेकडो लोकांना वाटली गेली होती, आणि खटला तिच्यावरच होणार होता.

मावशी हसली. "अहो, मला साधा रेडिओ लावता येत नाही, गाणी कुठली चोरते! थांबा, माझी भाची कायदा शिकते. तीच तुम्हाला सरळ करील."

भाची शेजारीच पुस्तक घेऊन बसली होती; तिने ते मिटलं. वर्गातली मुलं तिला कौतुकाने 'दानशूर' म्हणत, ते याच गाण्यांमुळे. कलमं तिला तोंडपाठ होती; ती आपल्यालाही लागू होतात, हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. गप्प राहिली तर मावशी अडकणार होती.

"बोल ना गं, घाबरतेस काय?" मावशी म्हणाली.

"साहेब, मावशीचा यात काही संबंध नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "गाणी मी वाटली."

मशीन थांबलं. मावशी उठली आणि शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने आधी खिडकी लावून घेतली.