सोनोग्राफीचा बाक

दर्शनाच्या आतड्याला सूज होती, क्रोन्स म्हणतात तो आजार. दोन वर्षांत चार डॉक्टर झाले आणि चार सीटी स्कॅन. प्रत्येकाला आपला ताजा स्कॅन हवा. आधीच्या फिल्मा पिशवीतून काढायचे कष्ट एकानंही घेतले नाहीत. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पोटातून किती किरणं गेली, याची पडलीय कुणाला!

महाडच्या डॉक्टर सुनीतींनी मात्र फिल्मा उजेडाला धरल्या आणि त्या दर्शनाच्या आईला म्हणाल्या, "आवडीबाई, आजार जन्मभराचा आहे. दर वेळी सीटी केला तर किरणांचा धोका साचत जाईल. सूज सोनोग्राफीतही दिसते. अडलंच तर एमआरआय करू."

 किरणं आवडीला दिसत नव्हती, सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचा बाक दिसत होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथं सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई, दुसरं काही नाहीच. आणि कशेडी घाटापलीकडच्या एका घरी दर्शनाच्या लग्नाचं बोलणं चाललेलं, तेही आजाराचं अवाक्षर न काढता.

"सीटीच करा ना, बाय. सवय हाय तिला."

"सवय?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली.

बाकावर नेमकी वाडीतली बनुबाई, पोटुशी सुनेला घेऊन बसलेली. तिनं दर्शनाचं पोट न्याहाळलं.

"कितवा महिना गो?"

"तिसरं वरीस, काकी," दर्शना म्हणाली.

सून फिसकन हसली. आवडीनं लेकीचा दंड धरला. "ऊठ. मुंबईला तुझ्या भावाकडं, भरतकडं जाऊ. तो करवील तुझा सीटी."

"नाय येत. तुझ्या लाजेपायी किती वेळा त्या मशीनीत जाऊ, आये?"

आवडी उभीच राहिली. दिवसाला दहादा पोर परसाकडे पळत होती, रक्त जात होतं, आणि आईनं दोन वर्षं काय केलं? झाकलं. झाकणारे सगळे धडधाकट. भोगत होती ती पोर.

ती बनुबाईशेजारी बसली. "पोरीला आतड्याचा आजार हाय. रगत पडतं. मीच लपवलं. सांग वाडीला, पण नीट सांग."

"आन् लग्नाचं?" बनुबाईनं विचारलं.

"त्यांनाबी मीच सांगनार."

बनुबाईनं पुन्हा दर्शनाकडं पाहिलं. मग म्हणाली, "उपाशी आनली असशील पोरीला. आमच्या आधी जाऊ दे तिला."

"अवो आत्या, सोनोग्राफीपायी बाटलीभर पानी पाजलाय मला!" सून कळवळली. "फुटन मी!"

आवडीसुद्धा हसली.

"वयनी, जावा तुमी," दर्शना म्हणाली नि बाकाला पाठ टेकून ऐसपैस बसली. "मी हाय हितंच."