पुष्पाबाईच्या बांधीतले फरारी

पुष्पाबाईचं डोकं सकाळपासून सणकलं होतं, आणि का सणकू नये? रोवणीच्या दिवसांत करडी गावात बाया मिळवणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आठ दिवस हातापाया पडून तिनं टोळी आजच्यापुरती पक्की केली होती. उद्या तीच टोळी गोमाजीच्या शेतात, आणि पुढं महिनाभर कुणाच्या ना कुणाच्या. धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, उपटून जुड्या बांधून झालेल्या. आज लागले तर धान, नाहीतर बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, वर्षभर पडीक. आणि नेमकी आजच तिच्या लेकानं, निकेशनं, बांधी सिनेमावाल्यांना देऊन टाकली!

"आई, कायले चिडून राहिली? त्याइचं शूटिंग होईल, तुही रोवणी होईल. वरून सिनेमात दिसशीन."

"मले दिसून काय करायचं हाय? माहं तोंड पायलं नाही का लोकाइनं?"

सिनेमा होता दोन फरारी माणसांचा. एक बाप्या, एक बाई, गावोगाव पळताहेत आणि मागं पोलीस. काय करून पळताहेत म्हणाल तर तेच रहस्य, असं चंदन नावाचा दिग्दर्शक म्हणाला.

"तुमाले तरी ठाव हाय का जी?" पुष्पाबाईनं विचारलं. चंदननं टोपी सारखी केली आणि दुसरीकडं पाहिलं.

प्रसंग तसा सोपा. फरारी लुगडी नेसून रोवणाऱ्या बायांत वाकतात. इन्स्पेक्टर आठ शिपाई घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन विचारतो, "इथं कोणी परकं आलं का?" पुष्पाबाईनं म्हणायचं, "नाही जी, आमीच हाओत." बस, एवढंच.

आता रोवणी करायची ती मागं मागं सरकत, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण हा सचिन हिरो निघाला पुढं पुढं! म्हणजे जे रोवलं तेच तुडवत. हिरोईन ज्योत्सना मूठभर पऱ्हे एकाच जागी अगरबत्तीसारखे खोचायची, आणि ते पाण्यावर तरंगायचे. पहिल्यांदा ढग आला म्हणून कट. दुसऱ्यांदा ज्योत्सनाच्या पायाला खेकडा चावला म्हणून कट. दर कटला बाया हात सोडून उभ्या. सूर्य डोक्यावर आला, कलला, तरी अर्धी बांधी उघडीच.

आठव्यांदा इन्स्पेक्टर धुऱ्यावर आला. हा मोहाडीचा टेकचंद, हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करणारा. त्यानं गरजून विचारलं, "इथं कोणी परकं आलं का?"

पुष्पाबाईनं तोंड उघडलं आणि तिला दिसलं, सचिनचा पाय तिच्या चार सरळ ओळींवर पडलेला.

"आले जी, आले! हे दोघं! न्या यायले धरून! सकाळपासून माहं वाटोळं करून राहिले!"

नाटकात जोडीदार संवाद चुकला म्हणून कुणी थांबत नाही. टेकचंदनं बुटांसकट चिखलात उडी घेतली आणि सचिनचा पदर धरला. बाया हसून हसून चिखलातच बसल्या.

चंदन मात्र खूश. "वा मावशी! काय नॅचरल! आता एवढं करा, रोवलेलं उपटा. पहिल्यासारखं दिसलं पाहिजे, दुसऱ्या बाजूनं घेऊ."

उपटा म्हटल्यावर पुष्पाबाई चिखलातून निघाली ती थेट कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. "उपटा म्हनतोस? तुहा सिनेमा उद्या बी होईल, बापू. माह्या बाया उद्या नाही." डोळे भरून आले, आणि भरल्याचा तिला भयंकर राग आला.

कुणी हसलं नाही. टेकचंदनं पोलिसी टोपी काढून धुऱ्यावर ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक जुडी उचलली. "उतरा रे सारे," त्यानं आपल्या शिपायांना हाक मारली. "धान काय पयल्यांदा पायलं का?" आठही शिपाई आसपासच्या गावचेच. खाकीतली ती माणसं वाकून सरसर मागं सरकायला लागली. निकेशही मुकाट्यानं त्यांच्यात शिरला.

चंदन धुऱ्यावर केस ओढत फिरू लागला. "अहो, माझे पोलीस! पाठलाग कोण करणार?"

"कोनी नाही," पुष्पाबाई बांधीतूनच म्हणाली. "पोलीस कामात हायेत. त्या दोघांले पळा म्हना आता, निवांत."

चंदन थबकला. त्यानं कॅमेरा वळवला. बांधीत पोलीस रोवताहेत, मागच्या धुऱ्यावरून दोन फरारी चप्पल हातात घेऊन सावकाश निघून जाताहेत. पुष्पाबाईनं शेवटची जुडी रोवली तेव्हा ऊन अजून पाठीला लागत होतं.

"पण मावशी," चंदन हळूच म्हणाला, "पोलीस पाठलाग सोडून रोवणी का करतात, असं लोक विचारतील. काय सांगू?"

"सांगा ना," पुष्पाबाई म्हणाली, "आज नाही रोवली तं बांधी पडीक राह्यते."