बगळ्यांची गिटार

थोरल्याला अख्ख्या जगात एकाच वस्तूचा मनापासून राग होता, आणि ती वस्तू आज त्याच्याच जेवणाच्या टेबलावर, त्याच्याच टॉवेलवर पहुडली होती. जुनी इलेक्ट्रिक गिटार. निळसर राखाडी अंगावर एअरब्रशने रंग फवारून काढलेले सात बगळे, सातवा धुक्यात अर्धा विरलेला. कधीकाळी हीच गळ्यात अडकवून एक गायक स्टेजवर उभा राहिला, त्याचं पोस्टर गल्लोगल्ली लागलं, आणि धाकट्याचं 'बगळेवाला' म्हणून जे नाव झालं ते झालंच.

धाकटा म्हणजे पाठचा सख्खा भाऊ. दोघांनी एकाच कारखान्यात, एकाच बाकावर, एकाच कॉम्प्रेसरच्या दोन नळ्यांवर काम सुरू केलं. गिऱ्हाइकं आपापल्या गिटारी आणून द्यायची. कुणाला ज्वाळा हव्या, कुणाला वाघ, कुणाला आपली प्रेयसी. चित्रावर सही करायची नाही, हा मालकाचा दंडक. तरी पोस्टर लागलं आणि सगळे म्हणाले, बगळे ना? मग धाकट्याचेच, दुसरं कोण काढतंय! झालं. धाकट्याने स्वतःचं दुकान थाटलं, त्याच्या मुलाखती छापून आल्या. थोरला निवृत्त होईपर्यंत त्याच बाकावर ज्वाळा काढत बसला. चाळीस वर्षं! भावाच्या घरी जेवायला गेला तरी भिंतीवरच्या त्या पोस्टरकडे पाठ करून बसायचा.

आणि आता ही संशोधक बाई. रंगवलेल्या जुन्या गिटारींचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, प्रत्येकीखाली चित्रकाराचं नाव लागणार होतं, आणि कुठली कुणाची हे शोधत ती दोन वर्षं दारोदार फिरत होती. बोलणं टिपून घ्यायला तिने फोन टेबलावर ठेवला.

"काका, ही कुणाची वाटते तुम्हाला?"

"वाटायचंय काय त्यात? त्याचीच." थोरल्याने चष्मा पुसला. असं कुणीतरी विचारावं म्हणून तो किती वर्षं वाट बघत होता, ते त्याचं त्यालाच माहीत. "पण आता आलाच आहात, तर नीट बघून घ्या. हा पाय बघा. बगळ्याचा आहे की छत्रीची काडी? पंखाची कड बघा, ब्रश फार जवळ धरलाय, रंग साचलाय. आमच्याकडे नवशिक्याला यावरून बोलणी बसायची. आणि हा सातवा! लोक म्हणतात काय ते धुकं, काय ती नजाकत. अहो, कसली नजाकत? बाटलीतला रंग संपला असेल, म्हणून धुकं!"

"अहो, पुरे," बायको चहा ठेवत म्हणाली. "भाऊ आहे तुमचा."

"भाऊ आहे म्हणूनच सांगतोय. परक्याला कशाला बोलेन?"

"काका, जरा थांबता का..." बाई म्हणाली.

"थांबू कशाला? चाळीस वर्षं थांबलोच होतो की! लिहा तुम्ही, हात कच्चा होता म्हणून."

बाईने काही लिहिलं नाही. तिने पिशवीतून पेचकस काढला, पाठीमागचे चार स्क्रू सोडवले आणि गिटारची दांडी अलगद उचलून बाजूला ठेवली. दांडी बसते ती चौकोनी खोबण उघडी पडली. चित्राला हात लावायच्या आधी कारागीर याच खोबणीत थोडा रंग उडवून एअरब्रशची सुई नीट चालते का ते बघत. एकदा दांडी बसली की ते कुणाला दिसत नसे. खोबणीच्या कडेला पेन्सिलीने ऑर्डरचा महिना आणि साल लिहिलं होतं. खाली निळ्या रंगाच्या तीन तिरप्या रेघा होत्या.

धाकटा सुई बघताना ठिपके मारायचा. रेघा मारायचा थोरला.

त्याने महिना पुन्हा वाचला. त्या महिन्यात धाकटा शिडीवरून पडला होता, उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. मालक म्हणाला होता, गिऱ्हाइकाला त्याच्यासारखेच बगळे हवेत, तू काढ. थोरल्याने दात-ओठ खात, भावाच्या हाताची नक्कल करत तशा तीन गिटारी काढल्या, लॅकरवाल्याकडे टाकल्या आणि पुन्हा त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तीन वर्षांनी पोस्टर लागलं तेव्हा बगळे दिसले, पोटात दुखायला लागलं, आणि त्या दुखण्यात नीट बघायला सवड कुणाला होती!

"माझी," तो म्हणाला. "अगं ए, ही माझी आहे!"

बायको हातातलं काम टाकून आली. थोरल्याने सातव्या बगळ्यावरून बोट फिरवलं. काय सुरेख विरला होता तो! असं धुकं पुन्हा आयुष्यात कुणाला जमलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पण तुम्हाला कसं कळलं, रेघा माझ्या म्हणून?" त्याने विचारलं.

बाई जरा चाचरली. "मी आधी तुमच्या भावाकडे गेले होते. त्यांनाही ती आपलीच वाटत होती. मी खोबण दाखवली, तर महिना वाचून म्हणाले, तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता. या रेघा दादाच्या. रडले हो ते. म्हणाले, तो सातवा बगळा बघून मला नेहमी वाटायचं, हे मला कसं काय जमलं? नाव दादाचंच लावा, म्हणाले."

थोरल्याचा आनंद आला तसा गेला. उभ्या जन्मात एक गोष्ट त्याची स्वतःची निघाली, आणि तीही धाकट्याने उचलून हातात ठेवावी! न मागता, रडून, एवढं मोठं मन करून. तो खोटं बोलला असता, भांडला असता, हट्टाला पेटला असता, तर थोरल्याला आज जेवण गोड लागलं असतं. पण नाही. चांगुलपणातसुद्धा हाच पुढे! आता प्रदर्शनात लोक गिटार बघतील आणि म्हणतील, धन्य तो भाऊ. आणि आपण काय बोललो मघाशी? छत्रीची काडी.

"नाव कसं लिहू, काका?"

थोरल्याने पूर्ण नाव सांगितलं. तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आणखी एक," बाई म्हणाली. "ते खाली आलेत माझ्याबरोबर. तुमचं अभिनंदन करायचंय त्यांना. वर येऊ का, असं विचारायला सांगितलंय."

"अगं बाई, मग खाली कशाला उभं केलंत भावजींना?" म्हणत बायको आणखी एक कप आणायला वळली.

थोरला उठून खिडकीशी गेला. खाली गाडीला टेकून धाकटा उभा होता, मान वर करून याच खिडकीकडे बघत. दादा दिसताच त्याचा चेहरा खुलला. त्याने हात वर केला, तोच, तेव्हा प्लास्टरमध्ये असलेला हात, आणि लहानपणी हलवायचा तसा जोरजोरात हलवला.

थोरला त्याच्याकडे बघतच म्हणाला, "बाई, त्याला सांगा, दादा घरी नाही."