शास्त्रीबुवांचा अंगठा

पालघरजवळच्या माहीम गावच्या कृष्णकांतशास्त्र्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सोमवारी कापावा लागेल, असे पालघरच्या डॉक्टरांनी सांगितले. साल १९६४. मधुमेहाची जखम चार महिने भरत नव्हती आणि कडेचे मांस काळवंडू लागले होते. शास्त्रीबुवांनी जुने वैद्यकग्रंथ काढले. जळवांचे बारा प्रकार त्यांना मुखोद्गत होते. हातात मात्र एकही धरलेली नव्हती.

शनिवारी डोंगराकडच्या पाड्यावरून जळवा लावणारी नवसी मडक्यात पाच जळवा घेऊन आली. तिची आजीही हेच करीत असे. तिने पाय पुढे करायला सांगितले. शास्त्रीबुवा सोवळ्यात होते. जळवा आपण स्वतःच लावू, असे त्यांनी तिला अंगणातच थांबवून कळवले. जळू पायाला शिवली तर चालते, नवसी शिवली तर चालत नाही. यामागचे शास्त्रही त्यांनी तिला पाऊण तास समजावले.

ग्रंथाज्ञेनुसार जळवांना हळदीच्या पाण्याने स्नान घालायचे होते. हळदीचे माप ग्रंथात नव्हते. शास्त्रीबुवांनी वाटीभर घातली. चार जळवा तळाशी निपचित पडल्या.

अंगणातून नवसी म्हणाली, "बाबा, जळवा लावताय का कालवण करताय?"

पाचवी अजून मडक्यातच होती. ती जखमेपाशी ठेवताच तिने तोंड फिरवले आणि खाटेच्या पायाकडे प्रस्थान केले.

"तिला जखमेवरच्या आयडीनचा वास नाय चालत. पाय धुवाय लागंल. मीच धुवीन."

शास्त्रीबुवांनी पाय आखडून घेतला. तेव्हा आतून त्यांच्या पत्नी गोदूबाई म्हणाल्या, "अहो, सोमवारी जो कापणार आहे, त्याचं गोत्र विचारलंत का?"

पाय पुढे आला. नवसीने तो कोमट पाण्याने धुतला, सुईने रक्ताचा थेंब काढला. जळू चिकटली, फुगली, गळून पडली. शास्त्रीबुवा शुद्धीसाठी विहिरीकडे निघाले.

"आंगोळ नाय करायची. पाय भिजला तं अंगठा गेला."

सोमवारी डॉक्टरांनी काळवंडलेली कड लाल झालेली पाहिली आणि शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली. मग आणखी आठवडाभर. मग रद्दच केली. गोड मात्र बंदच ठेवले. या अवधीत नवसी दर तिसऱ्या दिवशी येई आणि शास्त्रीबुवा विटाळलेले राहत. त्यांनी पोथीत प्रायश्चित्तही शोधायला घेतले. ते पान सापडले त्या दिवशी जखम बुजली होती. पोथी मिटून त्यांनी डावा पाय पुढे केला आणि याची टाच जरा सुजल्यासारखी वाटते का, असे नवसीला विचारले.