ओल्या वाळूवरची मंडळी

रविवारी सकाळी मार्सालीने ओटची लापशी ढवळून म्हाताऱ्या नवऱ्यापुढे, इव्हरपुढे ठेवली.

"मीही येतो किनाऱ्यावर," खोकत तो म्हणाला.

"चार पावलं चाललात की धाप लागते तुम्हाला."

"मग पाचवं तुझ्या खांद्यावर हात ठेवून टाकीन!"

स्कॉटलंडमधल्या त्या गावच्या चर्चचा पाळक कोण असावा, हे जमीनदार ठरवत असे. यंदा त्याने आणून बसवलेल्या पाळकाला गावाची गेलिक बोलीही येत नव्हती. मरणाऱ्याच्या उशाशी तो इंग्रजीत प्रार्थना करी. अखेर सगळी मंडळी सरकारी चर्चमधून उठून बाहेर पडली. जमीनदाराने त्यांच्या नव्या चर्चला वीतभरही जागा दिली नाही. उरली फक्त भरती-ओहोटीमधली वाळू. तिच्यावर त्याचा हक्क चालत नव्हता. पायाला पाणी लागेपर्यंत तिथे उपदेश चाले.

इव्हर त्या दिवशी दोन तास पावसात उभा राहिला. रात्री ताप भरला. शुक्रवारी तो गेला.

जमीनदाराचा कारभारी दारात आला. टोपीही न काढता म्हणाला, "मार्साली, दफनभूमीत तुझ्या गेलेल्या तीन लेकरांशेजारी जागा आहे. परवा चर्चमध्ये येऊन बस, म्हणजे खड्डा खणायला सांगतो. नाहीतर तिथलं फाटक बंद, आणि हे घरही गेलं."

मार्साली भिंतीला टेकली. किती दिवसांची झोप डोळ्यांत साचली होती.

"थकलेय हो मी," ती म्हणाली. "भांडायचं त्राण नाही."

"मग ये की मुकाट्याने!"

"तेच जमणार नाही. माझ्या माणसासाठीची प्रार्थना मला कळायला नको का?"

गावकऱ्यांनी इव्हरला खांद्यावरून डोंगरापलीकडच्या गावी नेलं. तिथल्या लोकांनी काही न विचारता जागा दिली. लेकरं अलीकडे, बाप पलीकडे. मार्साली परतली तेव्हा घराचं छप्पर उतरवलेलं होतं. ती उंबऱ्यावर नुसती बसून राहिली.

शेजारची बेथाक आली. "काकू, उठा. माझ्याकडे चला."

"तुझंही छप्पर उतरवतील गं."

"उतरवू दे. तोवर दोघी कोरड्या निजू."

मार्सालीला रडूही आले नाही. बेथाकचा हात धरून ती उठली.

वाचकहो, ज्याची जमीन त्याचीच प्रार्थना, असा न्याय आपल्यापैकी कोणी मुकाट्याने मानत असेल, तर त्याने एकदा त्या उघड्या भिंतींकडे पाहावे.