ड्रायव्हर काढून टाका

मी एक लॅपटॉप बोलतोय. बोलतोय म्हणजे तसा मुकाच आहे, पण मनातल्या मनात बडबड करायला आवाज लागत नाही, म्हणून चाललंय.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळे भाऊ एकसारखे दिसायचो आणि पट्ट्यावरून रांगेनं सरकायचो. मला वाटलं होतं, आपण कुठल्या तरी शास्त्रज्ञाकडे जाऊ, ग्रहताऱ्यांची गणितं करू. प्रत्यक्षात मी गेलो गाद्या बनवणाऱ्या कंपनीत. आयुष्यभर मऊ गादी, कडक गादी आणि दवाखान्यातली घडी होणारी गादी यांची चित्रं पडद्यावर नाचवली. स्वतःला मात्र कधी गादी मिळाली नाही, कायम लाकडी टेबलच नशिबी.

माझी मालकीण म्हणजे विक्री विभागाच्या मॅडम. बाई कामाला वाघ, पण खायची सवय वाईट. बिस्किटाचा चुरा माझ्या बटणांत इतका साचला होता की एक मुंगी माझ्याकडे कायमची राहायला आली. मॅडमचा फोन कानाला चिकटलेला असायचा आणि त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायच्या की तो फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं.

आम्हा दोघांना घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी नेणारे ते ड्रायव्हरकाका. कंपनीची गाडी ते कंपनीच्या जन्मापासून चालवत होते. माणूस अबोल. "बसा" आणि "उतरा" एवढ्या दोन शब्दांत त्यांचा दिवस निघायचा. पण मॅडम मला सीटवर भिरकावून फोनवर बोलत बसल्या की काका मागे वळून माझ्याभोवती पट्टा लावायचे. माझी एवढी काळजी घरच्यांनीही केली नसती. खोटं कशाला बोलू, माझा त्यांच्यावर जीव होता.

एक दिवस माझी वाचा गेली. आदल्या संध्याकाळी माझ्यात काहीतरी नवं भरलं होतं, सकाळी उठलो तर घशातून चूं निघेना. कान शाबूत होते, सगळं ऐकू येत होतं, पण बोलता येईना. नेमकं त्याच दुपारी एका मोठ्या दवाखान्याशी पडद्यावरून बोलणं ठरलं होतं.

मग काय, ऑफिसभर वैद्य निघाले. हिशेबनीसांनी मला उलटं करून पाठीवर थापट्या मारल्या, जसं काही मला ठसका लागला होता. गोदामाचे साहेब माझ्या भोकांत फुंकर मारून गेले. मुंगी घाबरून एका बटणाखालून दुसऱ्याखाली पळाली. कुणीतरी कान कोरायची काडी आणली. ती नको तिथे घालून झाल्यावर मॅडमना सुचलं, की संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन करावा. तो काही लागेना. शेवटी एका गिऱ्हाइकाकडे जायला आम्ही गाडीत बसलो, तेव्हा त्याचा उलट फोन आला.

मी मॅडमच्या मांडीवर. काका पुढे. दुरुस्तीवाल्याचं बोलणं काकांना ऐकू येत नव्हतं. मॅडमचं मात्र खणखणीत ऐकू येत होतं.

"ड्रायव्हरचाच प्रॉब्लेम आहे ना? मला शंका होतीच!"

काकांनी आरशातून मागे पाहिलं.

"जुना झालाय हो. इतकी वर्षं झाली, कुणी बदललाच नाही. आणि आवाज? छे! तोंडातून शब्द फुटत नाही."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, आज हवा छान आहे," ते म्हणाले. त्या गाडीत त्यांनी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"काका, एक मिनिट, फोनवर आहे." मॅडम पुन्हा फोनकडे वळल्या. "हो, मघाशी झोपवून पाहिला, उठवून पाहिला. काही फरक नाही."

काका दचकले. मघाशीच गाडी झाडाखाली लावून त्यांनी डुलकी काढली होती. ते हिला कुणी सांगितलं, असा भाव त्यांच्या मानेवर मला स्वच्छ दिसला.

"आता डावीकडे वळतोय, मॅडम," काका मोठ्यानं म्हणाले. "वळलो बघा. आता सरळ. पुढे सिग्नल आहे, थांबतोय."

"नवा फुकट मिळतो?" मॅडम फोनवर ओरडल्या. "अरे वा! मग जुना ठेवायचा कशाला? दुपारी ऑफिसात पोचले की पहिलं काम तेच. मुळापासून काढून टाकते."

फुकटात गाडी चालवणारा हा कोण हरीचा लाल, असं काका पुटपुटले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "काका, तुम्ही नाही हो! माझा ड्रायव्हर! माझ्या पोटात एक प्रोग्राम असतो, त्याला मेल्याला ड्रायव्हर म्हणतात!" पण ज्याच्यामुळे हा घोळ झाला, त्यानंच माझं तोंड बंद केलं होतं. मी पडद्याचा उजेड जरा कमीजास्त करून पाहिला. मॅडमनी मला मिटून ठेवलं.

दुपारी बैठकीच्या खोलीत सगळे माझ्याभोवती जमले. दुरुस्तीवाल्याचा फोन मॅडमनी टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला. तेवढ्यात काका दारात आले. गाडीतली पाठीची उशी, कंगवा आणि चष्म्याचं घर एका पिशवीत भरलेलं, हातात गाडीची किल्ली.

"मॅडम, ड्रायव्हर समोर दिसतोय का?" फोनमधून विचारणा झाली.

"हो, समोरच आहे," मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"मग त्याच्यावर बोट ठेवा आणि टाका काढून."

"बोट कशाला ठेवता?" काका पुढे आले. "मी स्वतःहून आलोय."

"काका, आत्ता नको हं. आधी ड्रायव्हर काढू दे, मग निवांत बोलू."

"मग काय बोलायचं राहिलं?" काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. माझ्या पडद्यावर चौकट उघडली होती: 'जुना ड्रायव्हर काढून नवा टाकायचा?' खाली दोनच बटणं, 'हो' आणि 'नाही'. काकांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. "इतकं सोपं असतं होय? सरका मॅडम. माझं मीच दाबतो."

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी 'हो' दाबलं.

माझा पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि माझ्या घशातून ती सुरुवातीची धून अशी दणक्यात निघाली की मुंगी बाहेरच पडली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. "गेला एकदाचा!" हिशेबनीस ओरडले. गोदामवाल्या साहेबांनी शिट्टी मारली.

काका सगळ्यांकडे बघत राहिले. "मी जाण्याचा एवढा आनंद होता का तुम्हाला?" त्यांचा आवाज फाटला. "एकदा सांगायचं तरी. आधीच गेलो असतो."

टाळ्या थांबल्या. मॅडमनी पिशवी पाहिली, उशी पाहिली, किल्ली पाहिली. गाडीतलं सकाळचं बोलणं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"अहो काका! तो लॅपटॉपचा ड्रायव्हर! तो प्रोग्राम असतो, माणूस नाही! तुम्हाला काढलं तर मी घरी कशी जाऊ? मला अजून आमच्या घराचा रस्ता नीट येत नाही!" आणि एरवी गादीच्या टणकपणावर भाषणं देणाऱ्या त्या बाई ढसाढसा रडल्या. काकांच्या हातात किल्ली कोंबून त्यांनी मूठ घट्ट बंद केली.

"मग त्या मेल्याला दुसरं नाव नव्हतं का?" काका म्हणाले आणि डोळे पुसून गाडीकडे निघून गेले. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात त्या प्रोग्रामला 'सारथी' म्हणायचं ठरलं. दवाखानावाल्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "माफ करा, आमचा सारथी गेला होता." त्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली आणि मग गाद्या घेतल्या.

पुढे मी म्हातारा झालो. झाकण सैल, बॅटरीला पोट सुटलेलं. मला भंगारात काढायचं ठरलं, त्याच सुमारास काकाही निवृत्त झाले. निरोपाला काय हवं, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पोट उतरवून, नवी बॅटरी घालून मला त्यांच्याकडे दिलं.

आता मी त्यांच्या घरी राहतो. खाली सुती टॉवेलाची घडी, वर काकूंनी शिवलेली खोळ. काकू माझ्यावर शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईचे व्हिडिओ बघतात. पण मागे माझा आवाज पुन्हा गेला आणि तीच चौकट उगवली.

"अहो, दाबा ना 'हो' म्हणून," काकू म्हणाल्या. "मला कळत नाही ती बाई काय सांगते ते. परवा बाही उलटी लागली."

काकांनी चष्मा लावला, चौकट नीट वाचली. "जुना झाला म्हणून काढायचा?" ते म्हणाले आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

ती चौकट अधूनमधून येते. काका दर वेळी 'नाही' दाबतात आणि माझ्या पाठीवर हलकेच थोपटतात. काकूंनी आता उलट्या बाह्यांची सवय करून घेतलीये.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. कधी त्यांच्या घरी गेलात, काका आत चहा टाकायला गेले, आणि ती चौकट तुमच्यासमोर आली, तर माझी दया येऊन हळूच 'हो' दाबू नका. माझ्या आवाजाचं मी बघून घेईन.