खिंड उघडी आहे का?

"बोजू, ती नाचणी उचल. आत्ता उचल," जुनमाया म्हणाली आणि तिने गळ्यातली शिट्टी ओठांशी नेली.

धनसरी बोजूने मानही वर केली नाही. हेलिपॅडच्या मधोमध, चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या वर्तुळावर तिने दोन चटया अंथरल्या होत्या, आणि अनवाणी पायांनी नाचणीत सऱ्या ओढत ती फेऱ्या मारत होती. सत्तरी उलटलेली, सगळ्या गावाची बोजू म्हणजे आजी, पण जिभेला वय नव्हतं.

"हेलिकॉप्टर कुठाय? आवाज तरी येऊ दे की."

"आवाज आल्यावर उचलायला गेलीस तर नाचणीबरोबर तूही उडशील."

"उडू दे. फुकटात शहर बघून येईन."

एरवी जुनमायाने यावर चार शब्द सुनावले असते. सिम्लेसारख्या उभ्या डोंगरावरच्या गावात सपाट जागा म्हणजे एवढीच. ती नगरपालिकेने बांधली हेलिकॉप्टरसाठी, पण गावाने ती वापरली मिरच्या वाळवायला, व्हॉलीबॉल खेळायला आणि लग्नात नाचायला. हेलिपॅडची व्यवस्थापक म्हणून जुनमायाची निम्मी नोकरी लोकांना तिथून हुसकावण्यात गेली होती. उरलेल्या नोकरीत माणसं आणि बोचकी वजनकाट्यावर चढवणं, उतरण्याचं शुल्क घेणं, वारा कुठून आहे ते वैमानिकाला कळावं म्हणून ओल्या पाल्याचा धूर करणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोनवर एका प्रश्नाचं उत्तर देणं. खिंड उघडी आहे का?

"बोजू," ती हळू म्हणाली, "माझ्या माणसासाठी येतंय."

बोजूचे पाय थांबले. तिने हेलिपॅडच्या कडेच्या पत्र्याच्या ऑफिसकडे पाहिलं. पडवीत बांबूच्या स्ट्रेचरवर असारमान झोपला होता. "लाहुरेसाठी होय? मग आधी सांगायचंस," असं पुटपुटत तिने चटईचे कोपरे गोळा करायला घेतले.

असारमानला गाव लाहुरे म्हणायचं, कारण तो हिंदुस्थानच्या पलटणीत नोकरी करून आला होता. येताना पेन्शन आणि मोडका गुडघा घेऊन आला. आल्यावर काही वर्षं त्याने चुलीपाशी बसून काढली. ऊन अंगावर आल्याशिवाय हा गडी घराबाहेर पाऊल टाकत नसे. मग दोन पावसाळ्यांपूर्वी काय झालं कोण जाणे, तो पहाटेच उठून बायकोच्या मागोमाग लंगडत हेलिपॅडवर यायला लागला आणि कडेच्या दगडी कट्ट्यावर घोंगडी पांघरून दिवसभर बसायला लागला. हातात चहाचा पेला, तोंडाने कुरकुर. गावाला हसायला विषय मिळाला. बायको राबते आणि लाहुरे ढग मोजतो, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तोही मग मिशीतल्या मिशीत म्हणे, "मोजायला तरी कुणीतरी हवंच ना."

काय झालं होतं ते जुनमायाला माहीत होतं. माहेरी जाते असं सांगून ती जिल्ह्याच्या गावी नेत्रशिबिराला गेली होती. डॉक्टरने डोळ्यांत उजेड पाडून बघितलं आणि सांगितलं की आतली नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायला थेंब घालत जा. जवळचं तिला दिसत होतं. माणसं, पोती, काट्यावरचे आकडे. पण दूरचं सगळं दुधाळ झालं होतं. हिम कुठे संपतं आणि ढग कुठे सुरू होतो, ते कळेनासं झालं होतं. परत आल्यावर ती कुणाला काही बोलली नाही. त्या संध्याकाळी चुलीच्या अपुऱ्या उजेडात तिने नवऱ्यासाठी चहा ओतला तो पेल्याच्या बाहेर. त्याने ओली चटई पुसली, उरलेला चहा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो कट्ट्यावर येऊन बसला.

सिलिंगेची खिंड सिम्लेच्या समोर, तीन डोंगररांगांच्या पलीकडे आहे. खालच्या शहरातून येणारं हेलिकॉप्टर तिच्यातूनच येतं, आणि एकदा आत शिरल्यावर त्याला मागे वळायला जागा नसते. खिंडीच्या पाठीमागे एक काळा कडा आहे. तो काळा दिसला तर खिंड आरपार उघडी. करडा दिसला तर पलीकडून ढग चढतोय, मग इकडे कितीही ऊन असो. वैमानिक उडण्याआधी जुनमायाला विचारायचे, आणि फोन वाजायच्या सुमाराला असारमान कट्ट्यावरून कुणालाही उद्देशून नसल्यासारखा करवादायचा. "या सिलिंगेला झालंय काय? ऊन वर आलं तरी कडा करडाच." किंवा मग, "आज बघा कसा कोळशासारखा काळा कडा." जुनमाया फोन उचलायची आणि तेच आपल्या शब्दांत सांगायची. तिने त्याला कधी विचारलं नाही. त्याने तिला कधी सांगितलं नाही. नवरा फक्त कुरकुर करायचा, आणि बायको फक्त नोकरी करायची.

आदल्या दिवशी दुपारपासून त्याच्या पोटात दुखत होतं. आरोग्य चौकीतल्या सिर्जना नर्सने सकाळी पोट दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. अपेंडिक्स आहे, आजच्या आज शस्त्रक्रिया व्हायला हवी, असं ती म्हणाली. गाडीरस्ता पावसात वाहून गेला होता आणि जीप अजून सुरू झाल्या नव्हत्या. मेयर रणध्वजने स्वतः शहरात फोन लावून हेलिकॉप्टर ठरवलं आणि तोही धावत हेलिपॅडवर आला. भला माणूस, पण धीर कमी.

पहिला फोन आला तेव्हा सिम्लेत लख्ख ऊन होतं. ओळखीचाच वैमानिक होता. जुनमाया फोन कानाला लावून पडवीच्या पायरीवर उभी राहिली आणि तोंड खिंडीकडे करून थांबली. मागे स्ट्रेचरवर असारमान दातओठ खात होता. त्याला कुशीवर वळता येत नव्हतं, पण मान त्याच बाजूला होती.

"उघडी आहे की," रणध्वज मागून म्हणाला. "सगळं स्वच्छ दिसतंय. सांग ना, दिदी."

जुनमाया कुरकुरीची वाट पाहत होती. आज ती कुरकुर करणाऱ्यालाच हेलिकॉप्टर हवं होतं. खोटं बोलायला त्याला एक शब्द पुरला असता.

"करडा," असारमान म्हणाला. मग दम घेऊन पुढे म्हणाला, "सिलिंगेनं अजून घोंगडं काढलेलं नाही, म्हातारे."

"बंद आहे, कॅप्टनसाहेब," जुनमायाने फोनवर सांगितलं. "येऊ नका. दुपारी विचारा."

रणध्वज हात चोळत बसला. त्याने नर्सला विचारलं, नर्सने जुनमायाकडे पाहिलं, आणि जुनमाया नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसायला बसली. बोजूने नाचणी पुन्हा पसरली. हेलिकॉप्टर येईना तर तेवढ्यात ऊन तरी वाया जायला नको, असं ती स्वतःशीच म्हणाली.

तासाभरात खरोखरच खिंडीतून ढग वर आला आणि समोरच्या रांगा पुसून टाकत निघाला. रणध्वजने तो पाहिला आणि जुनमायाकडे कौतुकाने बघितलं. तिला ते कौतुक बोचलं. तेवढ्यात असारमानचं दुखणं इतकं वाढलं की तो लहान मुलासारखा रडायला लागला. पलटणीतला माणूस, तिने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. सिर्जनाने सुई दिली. दुखणं शमलं आणि तो गुंगीत गेला.

दुपारी पुन्हा फोन वाजला.

"दिदी, हा शेवटचा प्रयत्न," वैमानिक म्हणाला. "यानंतर खिंडीत वारा उठतो, मग आज जमणार नाही. कशी आहे?"

जुनमाया पायरीवर आली. समोर दूध सांडल्यासारखं पांढरं, त्यात कुठे कडा नाही, खिंड नाही. तिने मागे वळून पाहिलं. असारमानचं तोंड उघडं होतं आणि डोळे मिटलेले.

तिला 'उघडी आहे' म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. तो शब्द ओठांपर्यंत आला होता. खिंड खरोखर उघडी असती तर नवरा वाचला असता आणि नोकरीही राहिली असती. पण नसती तर? फोनवरच्या त्या आवाजाने इतकी वर्षं तिच्या शब्दावर आपला जीव टाकला होता. त्याने एकदाही तिला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"मला दिसत नाही, कॅप्टनसाहेब," ती म्हणाली.

"म्हणजे ढग आहे?"

"ढग आहे की नाही तेच दिसत नाही. माझे डोळे गेलेत. दोन पावसाळे झाले."

पडवीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मग आजवर कोण सांगत होतं?"

"माझा माणूस. तोच स्ट्रेचरवर आहे. त्याला आत्ता शुद्ध नाही."

वैमानिकाने खोल श्वास घेतलेला तिला ऐकू आला. तो रागावला असावा. रागावायलाच हवा होता. पण तो एवढंच म्हणाला, "तिथे बघणारं दुसरं कोण आहे?"

रणध्वज पुढे होऊन सांगायला लागला की उघडी आहे, नर्स म्हणाली अर्धी उघडी आहे, स्ट्रेचर आणणाऱ्या गड्यांमध्ये दोन मतं पडली. जुनमायाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बोजू, इकडे ये," ती म्हणाली. "तो कडा कसा आहे?"

धनसरी बोजूचं अख्खं आयुष्य धान्य वाळवण्यात गेलं होतं, आणि पाऊस कधी येणार ते ती त्याच कड्याकडे बघून ठरवायची. तिने कपाळावर आडवा हात धरला आणि सावकाश पाहिलं. कुणाच्याही घाईचा तिच्यावर परिणाम झाला नाही.

"काळा," ती म्हणाली. "सकाळी करडा होता, आता काळा आहे. वरच्या अंगाला ढगाची एक चिंधी लोंबतेय, पण ती खाली येत नाही, वर चाललीय."

जुनमायाने शब्दाला शब्द फोनवर सांगितला. "हे माझे डोळे नाहीत," तिने वर जोडलं. "आमच्या एका बोजूचे आहेत."

"बाई खात्रीची आहे?"

"नाचणीच्या मापात लबाडी करते. आभाळाच्या बाबतीत नाही."

"खरं आहे," बोजूने शेजारून मान डोलावली.

"पाला पेटवा," वैमानिक म्हणाला. "निघतो."

मग सगळ्यांची एकच धांदल उडाली. गड्यांनी स्ट्रेचर उचललं, सिर्जनाने पिशवी भरली, जुनमायाने ओला पाला रचला. तिच्या हातातल्या काड्या विझत होत्या, तेव्हा बोजूनेच गुडघे टेकून फुंकर घातली आणि धूर वर काढला. आवाज खिंडीतून आला तो एकदम जवळ आला. नाचणी तशीच पसरलेली होती. बोजूला आठवलं नसेल असं नाही. ती धुराजवळून हलली नाही. हेलिकॉप्टर खाली उतरलं, चटया पतंगासारख्या उडाल्या आणि वर्षाची नाचणी सगळ्यांच्या तोंडावर, पडवीवर, उतारावरच्या झुडपांवर बरसली.

दार उघडल्यावर रणध्वजने जुनमायाला पुढे ढकललं. ती मागे सरली. हेलिकॉप्टर लहान होतं, त्यात रोग्याबरोबर एकाच माणसाची जागा होती. आजवर तिने किती आयांना, किती नवऱ्यांना याच जागी हात धरून थांबवलं होतं आणि त्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. असारमानला वाटेत नर्स लागणार होती, बायको नाही. तिने सिर्जनाला आत चढवलं.

स्ट्रेचर उचलताना धक्का बसला आणि असारमानचे डोळे किलकिले झाले. तो काहीतरी बोलला. तिने कान त्याच्या तोंडाशी नेला.

"म्हातारे, कडा..."

"काळा आहे," ती त्याच्या कानात ओरडून म्हणाली. "कोळशासारखा काळा आहे. तू झोप."

असारमान वाचला. शहरातल्या डॉक्टरने म्हणे सांगितलं की रात्र झाली असती तर आशा नव्हती. रस्ता सुरू झाल्यावर तो जीपमधून घरी आला, पोटावरचे टाके गावभर दाखवत फिरला आणि पुन्हा चुलीपाशी बसायला लागला, कारण पहाटे उठायचं आता कारण उरलं नव्हतं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काहीच जुनमायाला माहीत नव्हतं. हेलिकॉप्टर उठलं, वारा शमला, आणि रणध्वज तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दिदी, हे आधी सांगायचं होतंस."

"हो," ती म्हणाली.

तिने गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मी मागेपर्यंत तुझ्याकडेच असू दे, असं काहीतरी तो म्हणायला गेला, पण म्हणाला नाही. मेयर होता तो, त्याला ती घ्यावीच लागणार होती. शिट्टी खिशात घालून तो खाली मान घालून निघून गेला.

बोजू केसांतली नाचणी झटकत तिच्याजवळ आली. तिने उतारावर विखुरलेल्या दाण्यांकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. आवाज अजून ऐकू येत होता, बारीक होत चालला होता. जुनमाया त्या दिशेला तोंड करून उभी होती. तिच्यासमोर सगळं पांढरं होतं.

"पोचलं का खिंडीत?" तिने विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती कुणालातरी विचारत होती.

बोजूने पुन्हा कपाळावर हात धरला.

"अजून नाही," ती म्हणाली. "फोनच्या टॉवरच्या डोंगरावर आहे."

थोडा वेळ गेला.

"आता?"

"आता कड्यासमोर आलंय. माशीएवढं दिसतंय."

जुनमायाने मान हलवली. आवाज थांबला होता की काय ते तिला कळेना. बोजूचा खरबरीत हात तिच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला.

"गेलं," बोजू म्हणाली. "गेलं पलीकडे. कडा काळाच आहे."

जुनमायाने ऑफिसच्या भिंतीला टेकवलेले दोन झाडू घेतले, एक बोजूच्या हातात दिला, एक स्वतः धरला, आणि दोघी हेलिपॅडवर नाचणी गोळा करायला लागल्या.